शेजारच्यांच्या ओट्यावरचं रीडिंग

मी सर्व्हेचं काम करतो. प्लॉट मोजायचे, लेव्हल (जमिनीच्या उंच्या) घ्यायच्या, फील्डबुक (मोजणीची वही) भरायचं, त्यामुळे "आज कामावर काय झालं" असं घरी सांगण्यासारखं सहसा काही नसतं. पण हा एक दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

एका काकांचा फोन आला, रिटायर्ड आहेत, घर विकायला काढलंय, गिऱ्हाईक पक्कं झालं होतं आणि तेवढ्यात नदीच्या पूररेषेचा नवा ड्राफ्ट नकाशा आला. जुन्या नकाशात घर बाहेर, नव्यात आत. घेणाऱ्याच्या बँकेने व्हॅल्युएशन रिपोर्टमध्ये तेवढी एक ओळ वाचली आणि लोनची फाईल बाजूला ठेवली. काका फोनवर म्हणाले, "अहो घर तेच, नदी तीच, मी चाळीस वर्षं तिथेच राहतोय, मग रात्रीत हलली कोण?"

प्रश्न बरोबर आहे. हललेलं असतं गणित. जुना नकाशा दोन-दोन मीटरच्या कंटूरवरून (सारखी उंची जोडणाऱ्या रेघांवरून) काढलेला, म्हणजे दोन रेघांच्या मधे एक मीटरचा चढ असो की खड्डा, तो दिसतच नाही. नवा नकाशा विमानातून लेझर मारून घेतलेल्या उंच्यांवरून, त्यात मधल्या वर्षांचा पाऊस धरलेला, वरच्या अंगाला झालेले रस्ते आणि छपरं धरलेली (तिथलं पाणी आता मुरत नाही, सरळ नदीत येतं), आणि खाली झालेला पूल, ज्याच्या भरावामुळे पाणी मागे फुगतं. शिवाय पात्रात झाडोरा किती याचा एक आकडा मॉडेलमध्ये टाकावा लागतो, मॅनिंगचा एन म्हणतात त्याला, तो जरा वर-खाली केला तरी पाण्याची पातळी हलते. आणि पातळी एक वीतभर हलली की सपाट जमिनीवर रेघ कुठल्या कुठे जाते. लोकांना वाटतं कोणीतरी मुद्दाम रेघ ओढली, तसं नसतं, पण रेघ देवाने ओढलेली असते असंही नाही.

हरकत घ्यायला मुदत होती. मी काकांना आधीच सांगितलं की "आमच्याकडे कधी पाणी आलं नाही" असं अर्जात कितीही पानं लिहा, ऑफिसात त्याला किंमत शून्य, त्यांना उंची लागते. नकाशात त्या ठिकाणची पुराची पातळी दिलेली असते, इथे ५१.८० मीटर होती, तुमच्या घराला लागून जी जमीन आहे तिचा सगळ्यात खालचा बिंदू त्याच्या वर आहे हे मोजून दाखवलं तर बोलता येतं. नाहीतर नाही.

सकाळी गेलो तर माझा नेहमीचा पोरगा आजारी. स्टाफ (मोजायची आकडे लिहिलेली उंच पट्टी) धरायला माणूस नाही. काकांचे शेजारी होते तिथेच उभे, पन्नाशीचे असतील, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, ते म्हणाले द्या इकडे, मी धरतो. मोठे खुशीत होते कारण नव्या नकाशात त्यांचं घर बाहेर राहिलं होतं. रेघ अक्षरशः दोघांच्या सामाईक भिंतीवरून गेलेली. काकांना चिडवत पण होते थोडे, "आता तुम्ही नदीतले, मी काठावरचा". काका हसत नव्हते.

बीएम (बेंचमार्क, उंची आधीच माहीत असलेली पक्की खूण) जुन्या पुलाच्या कठड्यावर होता, तिथून सुरुवात केली. भाऊंना शिकवलं की स्टाफ उभा सरळ धरायचा, मी हात केला की हळूच पुढे-मागे डुलवायचा, सगळ्यात कमी येतं ते खरं रीडिंग. पटकन शिकले. चालता चालता काकांनी त्यांचा हिशोब ऐकवला, की नकाशातला हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर आहे ना, मग मागचा मोठा पूर होऊन चाळीस वर्षं झाली, अजून साठ बाकी आहेत, तोवर मीच नाही! हा हिशोब मी इतक्यांदा ऐकलाय की काय सांगू. त्या शब्दांतच घोटाळा आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता, यावर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी येणार नाही असं काही नाही, आणि तीस वर्षांच्या लोनमध्ये तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. चारातला एक. बँक घाबरते ती याला. काका म्हणाले "म्हणजे फासा दर वर्षी नव्याने पडतो", म्हणलं हो, अगदी तसंच.

काकांच्या घरापर्यंत एका दमात दिसत नव्हतं, मधे भिंत आणि झाड, म्हणून एक चेंज पॉइंट घ्यावा लागला, म्हणजे मधला बिंदू, ज्याची उंची घेऊन मशीन पुढे हलवायचं आणि तिथून पुढे मोजायचं. त्याला पक्की, न हलणारी जागा लागते. समोर भाऊंच्या ओट्याचा दगडी कोपरा होता, म्हणलं ठेवा तिथे. बुडबुडा बघितला, डोळा लावला, १.५४५. माझं एचआय (मशीनच्या दुर्बिणीची उंची) ५२.६८५ होतं. वजाबाकी केली, ५१.१४०. मला वाटलं चुकलो. परत केली, तेच. पुराच्या पातळीपेक्षा ६६ सेंटिमीटर खाली.

मी काही बोललो नव्हतो, पण मला रीडिंग मोठ्याने म्हणत लिहायची सवय आहे (एकट्याने काम करणाऱ्यांना लागते ही सवय) आणि भाऊ तोपर्यंत हिशोब समजायला लागले होते. ५१.८० त्यांना पाठ होतं, सकाळपासून तेच ऐकत होते. स्टाफ धरून तसेच उभे. मग म्हणाले, "एक्कावन्न चौदा? माझ्या ओट्याचं?" त्यांची फरशी ओट्याच्या फार तर १५ सेंमी वर. म्हणजे नकाशातला पूर आला तर घरात अर्धा मीटर पाणी.

मशीन पुढे नेऊन काकांकडचं घेतलं. जोतं ५२.२३०, घराला लागून सगळ्यात खालची जमीन ५१.९५०, म्हणजे १५ सेंमी वर, थोडक्यात वाचलं. मागच्या अंगणाचा नाल्याकडचा कोपरा मात्र ५१.४००, तो पाण्यातच, म्हणजे घर बाहेर निघेल, अख्खा प्लॉट नाही. काकांना सांगितलं की जो घेईल त्याला मागे खोली वाढवायची असेल तर उंचीची अट लागेल. त्यांच्या वडिलांनी मागचा पूर बघून भराव टाकून घर उचललं होतं म्हणे. तो भराव आज चालला असता का हा वेगळा विषय, एकाने जमीन उचलली की पाणी दुसऱ्याकडे जातं. दुसरा कोण ते समोरच उभं होतं.

मग नकाशा असा उलटा का? माझा अंदाज असा की मॉडेलचे चौकोन मोठे असतात, एका चौकोनाला एकच उंची. भाऊंचं घर उंच रस्त्याला चिकटून, त्यांच्या चौकोनात रस्ता आला. काकांच्या चौकोनात नाला. सरासरीत एक बुडाला, एक तरला.

सामान आवरताना भाऊ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, ते माझ्या ओट्याचं लिहू नका." आणि मी अडकलो. त्यांनी मला काम दिलेलं नाही, त्यांची लेव्हल कोणी मागितलेली नाही, दुसरीकडे कुठे घेतली असती तर मी गप्प बसलो असतो, खरं सांगतो. पण तो चेंज पॉइंट होता. तो काढला की काकांचं रीडिंग बीएमला जोडलंच जात नाही, साखळीची मधली कडी गेली. दुसरा चेंज पॉइंट घेऊन पुन्हा करता आलं असतं, अर्ध्या तासाचं काम. मी घड्याळाकडे बघितलंसुद्धा. मग नाही केलं. म्हणलं भाऊ, पान झालंय, खाडाखोड केली तर काकांचा अर्ज उडेल. खरं होतं पण पूर्ण खरं नव्हतं. ते काही न बोलता गेले, मी एकट्यानेच स्टाफ धरून (म्हणजे काकांच्या हातात देऊन) परत बीएमला येऊन क्लोज केलं (सुरुवातीची उंची परत जुळते का बघितलं), ४ मिलिमीटरचा फरक.

अर्जाला फील्डबुकच्या त्या पानाची कॉपी लागली. "शेजारील ओटा, चेंज पॉइंट" एवढंच लिहिलंय, नाव नाही. पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

साधारण महिन्याने भाऊंचा फोन. अंतिम नकाशा अजून आलेला नव्हता. "ते रीडिंग नक्की होतं का हो?" संध्याकाळी मशीन घेऊन गेलो, यावेळी दुसऱ्या बाजूने, दुसरा बीएम धरून. ५१.१४२ आलं. भाऊंनी स्वतः मशीनमध्ये डोळा लावून बघितलं, बराच वेळ. मग मला आत नेलं, लाईटचा मीटर दाराशेजारी कमरेच्या खाली होता, म्हणाले, "हा किती वर घेऊ?" मी टेपने ओट्यापासून ६६ मोजलं, वर ३० सोडलं आणि पेन्सिलीने भिंतीवर आडवी रेघ मारून दिली.