तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रँडिंग आणि मार्केटिंग एकच ना?

"ब्रँडिंग काय नि मार्केटिंग काय, शेवटी एकच ना?" कामानिमित्त भेटणारे बरेच जण मला हे विचारतात, आणि विचारताना हमखास मोबाईलवर नवीन लोगोचं डिझाईन उघडून दाखवतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

एकच नाही हो. मार्केटिंग म्हणजे जाहिराती, ऑफर, पोस्ट, किंमत किती ठेवायची, माल कुठे विकायचा, थोडक्यात गिऱ्हाईक आपल्याकडे यावं म्हणून केलेली सगळी धडपड. ब्रँड म्हणजे तुमचं नाव कानावर पडल्यावर त्याच गिऱ्हाईकाच्या मनात पहिलं जे येतं ते. तो तुमच्या ऑफिसात नसतोच, त्याच्या डोक्यात असतो, आणि तिथे तो चांगला राहावा म्हणून रोज जे काही करता ते ब्रँडिंग. लोगो त्यातला अगदी छोटा भाग.

मला याबाबतीत टायलेनॉलचं, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या अंगदुखी-तापावरच्या गोळ्यांचं उदाहरण कायम आठवतं. 1982 साली शिकागोच्या आसपास कोणीतरी या गोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये सायनाईड भरलं, 7 माणसं गेली. चूक कंपनीची नव्हती, तरी जॉन्सन अँड जॉन्सनने जाहिराती थांबवल्या आणि अमेरिकेतल्या दुकानांतून साधारण 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या, मग कोणी हात लावला तर लगेच कळेल असं सीलबंद पॅकिंग करून माल पुन्हा आणला. सोबत कूपनं वाटली, ते मार्केटिंग. पण लोकांनी ती कूपनं घेऊन परत त्याच गोळ्या विकत घेतल्या, ते बाटल्या परत मागवल्या होत्या म्हणून, असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्या कामातलं सांगतो. एका क्लायंटचं ऑनलाईन विक्रीचं काम होतं, जाहिरातींवर खर्च भरपूर, ऑर्डरीही येत होत्या पण एकदा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा काही फिरकत नव्हता, तर ते म्हणाले ब्रँडिंग करून द्या, नवे रंग, नवी टॅगलाईन. म्हटलं आधी इनबॉक्स बघू द्या. त्यात एका बाईंचा मेसेज होता, "डब्याचं झाकण तुटलेलं आलंय, फोटो पाठवलाय." दुसऱ्या दिवशी, "बघितलंत का?" तिसऱ्या दिवशी नुसतं एक प्रश्नचिन्ह. आणि त्या प्रश्नचिन्हाच्या खाली कंपनीकडून आपोआप गेलेला मेसेज: "खास तुमच्यासाठी 20 टक्के सूट!"

फार वाईट वाटलं ते बघून. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्याच दिवशी त्या बाईंना फोन केला, माफी मागितली, नवीन झाकण पाठवलं, आणि तक्रारीला कोणी आणि किती तासांत उत्तर द्यायचं ते ठरवलं. टॅगलाईनचं काम आम्ही तीन महिन्यांनी हातात घेतलं.