काहीच झालं नाही

"मामा, काहीच होत नाहीये," भाचीनं जाहीर केलं. ग्लासात मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, निळंशार पाणी होतं आणि त्यात ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी उभी होती. पंधरा मिनिटं उलटून गेली होती. पट्टी तितकीच चकचकीत, पाणी तितकंच निळं. शेजारच्या ग्लासातला लोखंडी खिळा मात्र शहाण्या मुलासारखा केव्हाच तांबूस होऊन बसला होता.

पुस्तकाप्रमाणे हे उलटं व्हायला हवं होतं. धातूंच्या क्रियाशीलता श्रेणीत ॲल्युमिनियम लोखंडाच्या वर बसतं. म्हणजे द्रावणातल्या तांब्याला हुसकावून त्याची जागा बळकावायची घाई त्याला जास्त. आम्ही समीकरण लिहिलं, दोन्हीकडचे अणू मोजले, हिशोब पैन् पै जुळला. मधे बाण काढला. हा बाण मोठा लबाड असतो. इथून निघून तिथे पोचायचं, एवढंच तो सांगतो. कधी, कसं आणि वाटेत कोण आडवं पडलंय, याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं नव्यानं सगळं मांडलं. तेच मोरचूद, त्याच गुंडाळीतली फॉइल. मी दुसऱ्या खोलीत होतो. पाचच मिनिटांत हाक आली, "मामा, उकळतंय!"

खरंच उकळल्यासारखं दिसत होतं. पट्टीच्या कडेनं बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. चंदेरी पत्र्याला आधी टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके पडले, ठिपक्यांची भोकं झाली, आणि बघता बघता पट्टीची जाळी झाली. जाळीतून विटकरी रंगाचा भुसा सुटून तळाशी बसत होता. निळा रंग आधी हिरवट झाला, मग विटत गेला. ग्लासाला हात लावला तर चटकाच बसला. (असले उद्योग चमचाभर द्रावणावर करावेत आणि डोळ्यांवर सुरक्षा-चष्मा असावा, हे त्या क्षणी मला अगदी मनापासून पटलं.)

मग काल काय बिघडलं होतं? आणि आज काय सुधारलं? तासभर आम्ही दोघं पोलिसांसारखे प्रत्येक वस्तूची उलटतपासणी घेत बसलो. गुन्हेगार निघाला ग्लास. त्यात आठवडाभरापूर्वी तिनं मिठाचे स्फटिक वाढवले होते आणि तो विसळण्याचं काम 'नंतर' या खात्यात टाकलं होतं. तळाशी पांढरं कडं राहिलं होतं. स्वच्छ ग्लासात पुन्हा पट्टी उभी केली: शुकशुकाट. चिमूटभर मीठ टाकलं: धांदल.

कारण असं की, आपण ज्याला ॲल्युमिनियम म्हणून हात लावतो ते मुळात ॲल्युमिनियम नसतंच. हवेशी गाठ पडताक्षणी त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम तीन-चार, एवढीच त्याची जाडी. पण सल्फेटच्या पाण्याला त्यातून आत शिरता येत नाही. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी उसवतं. उसवल्या जागी धातू उघडा पडला की तांब्याशी त्याची जुनी देवाणघेवाण सुरू.

आता बुडबुडे. आमच्या समीकरणात वायूचा मागमूस नव्हता. तो होता हायड्रोजन. मोरचुदाचं पाणी मुळात किंचित आम्लधर्मी असतं, आणि उघडं पडलेलं ॲल्युमिनियम तांब्याचा हिशोब चुकवता चुकवता पाण्याशीही दोन हात करतं. हिरवट झाक आली ती क्लोराइडनं तांब्याभोवती कोंडाळं केल्यामुळे. म्हणजे कागदावर एक क्रिया लिहिली होती, आणि ग्लासात एकाच वेळी तीन चालल्या होत्या.

ग्लास न विसळणाऱ्यांची परंपरा तशी थोर आहे. १७०६च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंगारी तांबडा रंग करायला बसला होता. त्यानं वापरलेला पोटॅश प्राण्यांपासून काढलेल्या तेलानं बाटलेला होता. तांबड्याच्या जागी गडद निळा रंग हाती आला, तोच पुढे प्रशियन ब्लू म्हणून गाजला. भाचीला हे सांगितल्याची चूक मला अजून भोवते आहे. भांडी विसळायचा विषय निघाला की ती डीसबाखला साक्षीला बोलावते.

मला स्वतःला इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश जास्त जवळचा वाटतो. पैशाला तोटा नाही, नोकरीची गरज नाही, माणसांचा मनस्वी कंटाळा, आणि प्रयोगशाळा स्वतःच्या घरात. हौशी माणूस तो हाच. १७८५ साली तो हवेतून ठिणग्या पाडून तिच्यातला नायट्रोजन संपवत होता. सगळा संपला, पण एक इवलासा बुडबुडा काही केल्या संपेना. मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नव्हता तो. दुसरा कुणी असता तर 'हातचा एक' म्हणून सोडून देता. यानं तो मापून लिहून ठेवला. १८९४ साली रॅले आणि रॅमसे या शास्त्रज्ञांनी त्या बुडबुड्यातल्या वायूला नाव दिलं: आरगॉन. १०९ वर्षं तो बुडबुडा त्या नोंदीत वाट बघत होता.

पुस्तकंही कधी कधी बिनधास्त थापा मारतात. मोरचुदात धुण्याचा सोडा घातला की कॉपर कार्बोनेटचा साका मिळतो, असं शाळेत घोकलं होतं. मिळतो तो निळसर, लिबलिबीत गोळा, आणि सोबत फसफसणारा कार्बन डायऑक्साइड. तो फेस समीकरणात कुठे होता? खरं तर त्या गोळ्यात हायड्रॉक्साइडही मिसळलेलं असतं. तसाच पाण्यात राहू दिला तर काही दिवसांत हिरवा पडतो, मॅलाकाइट या खनिजाच्या जातीचा होतो. निव्वळ कॉपर कार्बोनेट करायला १९७३ साल उजाडावं लागलं, तेही प्रचंड दाबाखाली. म्हणजे आम्ही परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले ते ग्लासात कधी न उतरणाऱ्या पदार्थाच्या जिवावर!

उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. तांबं पाण्यातल्या जिवांना बाधतं. म्हणून त्यात जुने खिळे टाकून ठेवायचे, निळा रंग उतरेपर्यंत, आणि खाली बसलेलं तांबं गाळून घ्यायचं. या कामात खिळा कधी दगा देत नाही.

एवढं सगळं झाल्यावर, मीठ प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो होतो. भाचीनं विचारलं, "पण मामा, क्लोराइडनंच केलं कशावरून? मिठात सोडियम पण आहे की."

मला हे सुचलं नव्हतं, हे मी कबूल केलं नाही. "मग काय करशील?" एवढंच म्हटलं, गुरुजींच्या थाटात.

तिनं दोन ग्लास घासूनपुसून लख्ख केले. (डीसबाख त्या दिवशी रजेवर होता.) दोन्हीत सारखं मोरचुदाचं पाणी, सारखी पट्टी. एकात चिमूटभर नवसागर टाकला: क्लोराइड आहे, सोडियम नाही. दुसऱ्यात सोडियम सल्फेट: सोडियम आहे, क्लोराइड नाही. नवसागराच्या ग्लासात थोड्याच वेळात ठिपके पडले आणि बुडबुड्यांच्या माळा सुटल्या. तिकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. हनुवटी टेबलावर टेकवून दुसऱ्या ग्लासाकडे बघत बसली. पाच मिनिटं, दहा, पंधरा. पट्टी चकचकीत, पाणी निळंशार.

मग तिनं वही ओढली, वेळ टाकली, 'काहीच झालं नाही' असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.