केसपेपरची लाईन आणि आजची मीटिंग
आज हॉस्पिटलात पुढच्या पाच वर्षांच्या प्लॅनिंगची मीटिंग होती, सिस्टर इन्चार्ज म्हणून मलाही बोलावलेलं. सकाळी ड्युटीवर येताना बघते तर सव्वासहालाच केसपेपरची लाईन गेटपर्यंत, एक आजी लाईनीत चपला ठेवून भिंतीला टेकलेल्या, "रात्रीच्या गाडीनं आलोय बाई, नंबर लागंल ना?" तेच डोक्यात घेऊन मीटिंगला बसले. सगळी चर्चा बेड किती वाढवायचे यावरच, मला राहवेना, म्हटलं सर बेड वाढवा पण सिस्टर कुठून आणणार, आत्ताच नाईटला वॉर्डात आम्ही दोघीच आणि पेशंट खाली गाद्या टाकून. आणि कितीतरी जण फक्त बीपी-शुगरच्या गोळ्यांसाठी येतात हो, त्या गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मिळाल्या तर कशाला येतील एवढ्या लांब? परळच्या टाटा मेमोरियलला देशभरातून पेशंट येतात म्हणून त्यांनी खारघर, वाराणसी, विशाखापट्टणमला सेंटरं उभारलीच ना, 2012 ला नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं, तेही त्यासाठीच, घराजवळ चांगले उपचार मिळावेत म्हणून. डीन सरांनी लिहून घेतलं, फॉलोअपच्या पेशंटचे आकडे आणा म्हणाले, उद्यापासून रजिस्टर घेऊन बसणार. दुपारी खाली आले तेव्हा आजींचा नंबर नुकताच लागला होता.