काकूंचा माऊस अडकायचा

काकू लॅपटॉप घेऊन आल्या त्या मंगळवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका टेबलावर पाणी सांडलेला कीबोर्ड वाळत होता, कॉलेजची दोन पोरं प्रोजेक्टची फाईल उडाली म्हणून डोक्यावर उभी होती, आणि आमचा कामाला असलेला मुलगा नेमका जेवायला गेला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढचे तीन आठवडे मी स्वतःची समजूत याच गर्दीवर घालत होतो.

साताऱ्यात सोळा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. "अचानक वायफाय गेलं" हे वाक्य आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो, आणि त्याच्या मागोमाग ठरलेलं दुसरं, "मी काहीच केलं नाही." बऱ्याचदा चुकून विमानाच्या चित्राची की दाबली गेलेली असते. कधी वायफायचं कार्ड यादीतून गायब होतं किंवा त्याच्यावर पिवळा त्रिकोण येतो. मग लॅपटॉप बंद करायचा, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरायचं. बोर्डावर उरलेला करंट उतरला की कार्ड पुष्कळदा परत जागं होतं. याचे पन्नास रुपये मागितले तर लोक म्हणतात, नुसतं बटण तर दाबलंत.

काकू पेटी आणि गाणं शिकवतात. माझ्या बहिणीला त्यांनीच शिकवलं, म्हणून मला अजून अरे-तुरे करतात. लॉकडाऊनपासून त्यांचा एक क्लास लॅपटॉपवर चालतो. अमेरिकेतली सहा मुलं, आपल्याकडे रविवारचे सकाळचे सात, त्यांच्याकडे शनिवारची रात्र. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली. "क्लास सुरू झाला की दहा मिनिटांत वायफाय जातं. एरवी तासन् तास चालतं. त्याच वेळी फोनवर नेट असतं. आणि माऊसपण अडकतो बघ, बाण जागच्या जागी उड्या मारतो."

"माऊसचा सेल बदला, काकू," मी म्हणालो. ड्रॉवरमधला एक नवा सेल काढून फुकट दिलासुद्धा.

त्यांच्याकडे कनेक्शनवाल्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला होता. त्याने स्वतःच्या फोनवर व्हिडिओ चालवून दाखवला आणि "लॅपटॉप दाखवून घ्या" म्हणून निघून गेला. हा निकाल ही मुलं ऑफिसातून निघतानाच खिशात घालून आणतात. आम्ही दुकानदारही कमी नाही, आम्ही म्हणतो कनेक्शनवाल्याला बोलवा. गिऱ्हाईक मात्र कोर्टाच्या तारखा घेतल्यासारखं दोघांमध्ये फिरत राहतं.

दुकानात लॅपटॉप झकास चालला. दोन दिवस गाण्याचे व्हिडिओ लावून ठेवले, एकदाही तुटला नाही. माझा पहिला संशय बिजागरीवर होता. लॅपटॉपचे वायफायचे अँटेना बहुतेक वेळा स्क्रीनच्या कडेला बसवलेले असतात आणि त्यांच्या दोन वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. झाकण रोज उघडून-मिटून वायर आतून तुटते आणि ठराविक कोनात नेट जातं. राऊटरला पिंग लावून, म्हणजे लॅपटॉपवरून त्याला सतत हाका मारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघत, मी झाकण वीसेक वेळा उघड-मीट केलं. आकडे दोन-तीन मिलिसेकंदांवरून हलले नाहीत.

मी दुसऱ्या कामात असताना आमच्या मुलाने त्याला फॉरमॅट मारला. त्याचा सगळ्या रोगांवर एकच काढा आहे. काकूंचा डेटा त्याने आधी काढून ठेवला होता, तेवढं शिकवलंय मी त्याला. पण वायफाय कधी तुटलं, कधी जोडलं, याचा मागच्या तीन दिवसांचा अहवाल विंडोज एका कमांडवर तक्त्यासकट काढून देतं. मंगळवारी तो काढला असता तर रविवार सकाळ त्यात दिसली असती. फॉरमॅटने तो पुरावाच धुऊन निघाला. मुलाला बोललो. पण काकूंना परत देताना "विंडोज नवीन टाकलंय, आता प्रॉब्लेम येणार नाही" हे मीच म्हणालो.

पुढच्या मंगळवारी काकू परत हजर. या वेळी मी कार्ड बदललं. हे काम मला मनापासून आवडतं, म्हणून थोडं सांगतो. कार्ड पोस्टाच्या तिकिटाएवढं, एका स्क्रूवर धरलेलं. त्यावर दोन वायरी टिचकीच्या बटणासारख्या बसतात, बहुधा एक काळी, एक पांढरी, आणि त्यांची टोकं ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. चिमट्याने टोक बरोबर मधोमध आणायचं आणि नखाने सरळ खाली दाबायचं. नीट बसलं की कानाला नाही, बोटाला "टिक" कळतं. तिरकं दाबलं की कडा चेपली, मग ते टोक पुन्हा धड बसत नाही. घाईत दाबून अँटेना मारलेले लॅपटॉप माझ्याकडे इतर दुकानांतून येतात. मी ते दोन्ही टिक पहिल्या दाबात मिळवले, कार्डाचे नऊशे आणि मजुरीचे तीनशे घेतले, आणि काम फत्ते समजून बसलो.

तिसऱ्या रविवारी सकाळी सात वीसला फोन आला. "अरे, गेलं परत. मुलं तिकडे बसून राहिलीत." मी तोंड धुतलं आणि स्कूटर काढली. खरं तर पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं, पण दुकानात बरी चालणारी वस्तू घरी जाऊन बघायची म्हणजे एक सकाळ जाते आणि तिचे पैसे कोणी देत नाही.

घर म्हणजे जुना वाडा. राऊटर बाहेर सोप्यात, क्लास आत माजघरात, मध्ये दीड हात जाडीची भिंत. मी पोचलो तेव्हा काकू फोनवरून मुलांना अलंकार म्हणायला लावत होत्या. चौरंगावर लॅपटॉप, शेजारी पेटी, वहीच्या पुठ्ठ्यावर माऊस. आणि लॅपटॉपच्या डाव्या अंगाला एक काळी डबी, तिचा दिवा लुकलुकत होता. तिची वायर निळ्या पोर्टमध्ये गेलेली. त्याला खेटून पुढच्या पोर्टात माऊसचा नखाएवढा रिसीव्हर.

"ही कधी घेतलीत?"

"हार्डडिस्क होय? भाच्याने दिवाळीत दिली. लॅपटॉप भरला ना, म्हणून आता क्लासचं रेकॉर्डिंग तिच्यावर करते."

"काकू, मग हे सांगायचं नाही का?"

"ती साठवणीची वस्तू आहे रे. घरात नवीन फडताळ आलं म्हणून वायरमनला कोणी सांगतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डिस्क काढली आणि राऊटरला पिंग लावला. चार, सहा, चार. डिस्क लावली, चाळीस, एकशे दहा. रेकॉर्डिंग सुरू केलं तसे आकडे आठशेवर गेले, मग ओळीने टाईम आऊट, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या पंख्यासारख्या चिन्हावर फुली. माऊस हलवला तर बाण दोन बोटं सरकायचा आणि थबकायचा. डिस्क काढली, सगळं पूर्ववत. हे मी चार वेळा केलं. खात्री दुसऱ्याच वेळेला झाली होती, पुढच्या दोन वेळा स्वतःला शिक्षा म्हणून.

निळा पोर्ट म्हणजे यूएसबी तीन. तो सेकंदाला पाच गिगाबिटच्या वेगाने डेटा पाठवतो, आणि एवढ्या वेगाने चालताना पोर्ट, वायर आणि डबी यांतून रेडिओचा गोंगाट आजूबाजूला झिरपतो. तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. साधं वायफाय त्याच पट्ट्यात बोलतं, वायरलेस माऊसही तिथेच. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणच काढलं होतं. माजघरात मिक्सर चालू असला की सोप्यातून मारलेली हाक ऐकू येत नाही, तसं लॅपटॉपचं होतं. माझ्या दुकानात राऊटर डोक्यावर आहे, त्याची हाक मिक्सरवरही ऐकू आली असती. आणि मुळात दुकानात मिक्सर आलाच नव्हता. काकूंनी नुसता लॅपटॉप आणला होता, कारण मी तेवढाच मागितला होता.

आणि हे मला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एका ऑफिसात निळ्या पोर्टशेजारी रिसीव्हर लावल्यामुळे अडकणारे माऊस मीच सरळ करून दिले होते.

वायफायच्या दुसऱ्या पट्ट्यावर, पाच गिगाहर्ट्झवर, जाऊन बघितलं, पण तो सिग्नल त्या भिंतीतून आत येईना. मग जुनी युक्ती आठवली. अशा डिस्कचं तोंड रुंद असतं, दोन भागांचं. त्यातल्या मोठ्या भागात जुन्या मोबाईलची साधी वायर बरोबर बसते. डिस्क मग यूएसबी दोनच्या वेगाने चालते आणि पाच गिगाबिटचा तो कालवा बंद होतो. गाण्याच्या रेकॉर्डिंगला तेवढा वेग रगड. काकूंनी ड्रॉवरमधून वायरींचा गुंता आणून दिला. पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली, दुसरीचं तोंड सैल, तिसरीवर डिस्क उठली. रेकॉर्डिंग लावलं, पिंग पाच-सहावर. बाण लोण्यातून फिरवल्यासारखा फिरला. फोनवरची मुलं लॅपटॉपवर आली आणि मी जाजमावर बसून अर्धा तास अलंकार ऐकले.

क्लास संपल्यावर काकूंनी चहा दिला आणि विचारलं, "म्हणजे ते कार्ड चांगलं होतं?"

"हो."

"आणि विंडोज?"

"तेही."

मी बाराशे रुपये पुढे केले. त्यांनी नऊशे मोजून घेतले, तीनशे परत माझ्या हातात दिले. "उघडण्याची मेहनत केलीस ना," म्हणाल्या. ते तीनशे मला नको होते, पण त्यांच्याशी वाद घालणं माझ्या बहिणीलाही कधी जमलं नाही.

दुकानात येऊन रजिस्टर काढलं. त्यात एक रकाना आहे, "ग्राहकाचे म्हणणे". मंगळवारच्या त्या ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: "वायफाय जाते." त्याच्यापुढे कंसात, "माऊस – सेल दिला."