सोनाराच्या केरापासून सरावाच्या पुडीपर्यंत : आमची वाटचाल

आमची पेढी विट्याची, धंदा गलाईचा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर गेली आणि गावोगावच्या सराफ बाजारांत स्थिरावली. जुना दागिना वितळवायचा, त्याचा टंच (शुद्धतेचं प्रमाण) काढायचा, शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं, हे गलाईचं मुख्य काम. आमच्या पेढीने त्याच्याच शेजारचं, धुळीचं काम धरलं. सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचं. झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. याच कामातून पुढे घरी हौसेनं परात चालवणाऱ्यांसाठी, म्हणजे परातीत माती धुऊन सोनं वेगळं करणाऱ्यांसाठी, सरावाच्या मातीची पुडी तयार झाली. दोन्हीकडे आम्ही एकच गोष्ट सांगतो : परातीतून जेवढं सोनं निसटतं, त्याहून जास्त सोनं, माती परातीत पडण्याआधीच गेलेलं असतं.

केर म्हणजे एकच माल नव्हे. कानशीचा कीस सर्वांत श्रीमंत. बाकाखालच्या झाडणुकीत केस, कागद, मेण, लोखंडी तारेचे तुकडे. पॉलिशच्या बफखालची धूळ सर्वांत बारीक आणि चिकट, कारण त्यात पॉलिशचं मेणच जास्त. फुटक्या मुशींत (सोनं वितळवायच्या भांड्यांत) सोन्याचे मणी काचेसारख्या मळीत अडकलेले असतात. मूस कुटल्याशिवाय ते सुटत नाहीत. हात धुण्याच्या टाकीतला गाळ निराळाच. हे सगळे प्रकार एका पोत्यात भरून आणले तर विकणाऱ्याचंच नुकसान होतं, कारण प्रत्येकाची भाजणी आणि चाळणी वेगळी. म्हणून आम्ही सोनारांना प्रकारानुसार वेगवेगळे डबे देतो.

भाव ठरवणं हा या धंद्याचा कणा. जड कण हादऱ्यांनी पोत्याच्या तळाला बसतात, त्यामुळे वरून मूठभर उचललेला नमुना जवळजवळ नेहमीच कमी सोनं दाखवतो. सगळा लॉट वाळवून, भाजून, कुटून झाला की जाड चाळणीवर राहिलेले धातूचे तुकडे वेगळे तोलतो. खालच्या मालाचा शंकूसारखा ढीग करतो. प्रत्येक फावडं नेमकं टोकावर पडलं पाहिजे. मग ढीग चपटा करून चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला काढायचे. ठेवलेल्याचा पुन्हा ढीग. असं करत नमुना सुमारे एक किलोवर आणतो. त्यातला अर्धा विकणाऱ्यासमोर धुऊन वितळवतो, अर्धा त्याच्या सहीनं सीलबंद ठेवतो. क्ष-किरणांचं टंच यंत्र आमच्याकडे आहे, पण ते पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. वितळवून पाडलेल्या, एकजीव गोळीवर, म्हणजे बटणावर, ते चांगलं चालतं. कच्च्या धुळीवर त्याच्या आकड्याने भाव करणं आम्हाला मान्य नाही.

भाजणीत घाई केली की सोनं धुराड्यातून जातं. लोखंडी ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा थर, मंद आच, वर सैल झाकण आणि भाता बंद. धूर थांबून राख करडी, मोकळी झाली की भाजणी पुरी. तेल-मेण राहिलं तर कण पाण्यावर तरंगतात आणि पहिल्याच धुण्यात जातात. नंतर चुंबक. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरड्या मालावरून फिरवतो. लोखंडाच्या झुपक्यात सोन्याचे कण अडकून वर येतात, म्हणून तो झुपका दुसऱ्या ट्रेमध्ये सोडून, हलवून, पुन्हा उचलतो. हे दोनदा. मग २०, ५० आणि १०० मेशच्या चाळण्या, म्हणजे साधारण ०.८४, ०.३० आणि ०.१५ मिलिमीटरची भोकं.

चाळण्यांवर एवढा भर देण्याचं कारण आकड्यांत आहे. शुद्ध सोन्याची घनता १९.३, २२ कॅरेटची सुमारे १७.७, गारगोटीची २.६५. पाण्यात प्रत्येकातून एक, म्हणजे पाण्याची घनता, वजा करा : २२ कॅरेट गारगोटीच्या दहापट भरतं. काळ्या चुंबकीय वाळूची घनता मात्र ५.२, तिच्याशी फरक चौपटच. आणि कण लहान-मोठे मिसळलेले असतील तर वाळूचा मोठा दाणा सोन्याच्या बारीक कणाइतक्याच वेगाने खाली बसतो, मग घनतेचा फायदा संपतो. एका मापाचे कण एकत्र आले की परात आपलं काम चोख करते.

जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी झाली, त्या काळाचा परिणाम केरावरही होणारच होता. १४ कॅरेटची घनता तेराच्या आसपास. काळ्या वाळूशी फरक तिपटीहूनही कमी. पुढे १९६८ चा कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. आज १८ कॅरेटचं आणि यंत्रावरचं काम वाढलंय, बफची धूळ जास्त येते, म्हणून आमच्याकडे १०० मेशखालच्या मालाला वेगळी परात आणि वेगळा वेळ असतो.

पारा आम्ही वापरत नाही. बारीक सोनं धरायला तो सोपा, पण तापवून उडवताना त्याची वाफ कामगाराच्या फुप्फुसात जाते. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. बारीक कणांसाठी चाळणी आणि सबुरी पुरते.

आता पुडीबद्दल. अमेरिकेत सोनं असलेल्या मातीच्या पिशव्या विकत घेऊन घरच्या टबात धुण्याची हौस चांगली रुजली आहे. आपल्याकडे नदीची सोनेरी वाळू अशी भरून विकता येत नाही. सोनं हे प्रमुख खनिज, ते काढायला सरकारी परवाना लागतो. दुकानाचा केर हौशी माणसाच्या हातात देणंही आम्हाला पटत नाही. केडीएमच्या डागात, म्हणजे दागिना जोडायच्या एका प्रकारच्या झाळणीत, कॅडमियम असतं आणि त्याची धूळ-धूर दोन्ही विषारी. केर घरी भाजू नये, मुलांच्या हाती देऊ नये.

म्हणून पुडीची माती आम्ही स्वतः बांधतो. खडी क्रशरची काळ्या दगडाची कच घेतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये लोहयुक्त चुंबकीय खनिज असतंच, त्यामुळे काळी वाळू बाहेरून आणावी लागत नाही. कच धुऊन पिठी काढतो, २० मेशमधून चाळतो. एका पुडीत ५०० ग्रॅम कच, त्यात चुंबकाने वेगळी केलेली ५० ग्रॅम काळी वाळू आणि २२ कॅरेटचे १०० मिलिग्रॅम कण : ४० मिलिग्रॅम २० ते ३० मेशचे, ४० मिलिग्रॅम ३० ते ५० चे, २० मिलिग्रॅम ५० ते १०० चे. वजन पुडीवर छापलेलं असतं. पुडीची किंमत आतल्या सोन्यापेक्षा जास्त आहे आणि ते आम्ही आधीच सांगतो. यात नफा शोधणाऱ्याने ती घेऊ नये. सोबत तांब्याच्या पत्र्याचे दहा बारीक तुकडे देतो. तांब्याची घनता नऊच्या आत, म्हणजे सोन्याच्या निम्मी. दहाच्या दहा तुकडे परातीत राहिले की मगच सोन्याची माती उघडावी.

परात शक्यतो हिरव्या किंवा काळ्या प्लास्टिकची, कडेला खाचा असलेली. स्वयंपाकघरातली स्टीलची गुळगुळीत परात नको. कण घसरतात आणि चकाकीत दिसत नाहीत. नवी परात साबणाने आणि बारीक वाळूने घासून तिचा तेलकटपणा काढा. रुंद टबात वीतभर पाणी घ्या, पाच लिटरला भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-तीन थेंब टाका. कण तरंगणं थांबतं. फेस येऊ देऊ नका.

माती परातीच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नको. पूर्ण भिजवून बोटांनी गाठी फोडा. मग परात पाण्याखाली सपाट धरून डावी-उजवी जोरात हलवा, निदान अर्धा मिनिट. जड कण याच वेळी तळ गाठतात, आणि नवशिके नेमकं हेच उरकतात. आता खाचांची बाजू पुढे करून किंचित तिरकी करा, पाण्यात बुडवून वर घ्या, वरचा हलका थर वाहू द्या. चार-पाच वेळा बुडवलं की पुन्हा सपाट करून हलवा. गोलगोल फिरवत राहिलात तर तळ उकरला जातो आणि बसलेलं सोनं पुन्हा वर येतं.

चमचाभर काळी वाळू उरली की थांबा. ती वाळवा, कागदावर पसरा, चुंबक कागदाच्या खालून फिरवा. चुंबक ओल्या परातीत घालू नका, सोन्यासकट सगळं उचलतो. वाहून गेलेली माती दुसऱ्या टबात जपून ठेवा आणि पुन्हा धुवा. आपला हात कुठे कमी पडतो हे तिच्यात दिसतं. मोरीत ओतली तर पाइप तुंबेल.

कण सोन्याचाच का, हे सावलीत पाहा. अभ्रक वळवल्यावर चमकतं आणि विझतं, सोन्याचा रंग तसाच राहतो. सुईने दाबल्यावर सोनं दबतं, माक्षिक (सोन्यासारखं दिसणारं खनिज) चुरतं.

तोलण्याआधी पूर्ण वाळवा. पाण्याचा एक थेंब सुमारे ५० मिलिग्रॅमचा, म्हणजे पुडीतल्या सोन्याच्या निम्मा! १०० मिलिग्रॅम सोनं वितळवण्याची घाईही करू नका. एवढं थोडं मुशीतल्या टाकणखारातच (वितळवताना घालायच्या क्षारात) चिकटून बसतं. काचेच्या कुपीत पाण्यात ठेवा. ग्रॅमभर साठलं की कोणत्याही गलाईवाल्याकडे न्या, बटण समोर पाडून घ्या आणि टंच त्याच बटणाचा काढायला सांगा.