बॅलार्ड इस्टेट फोर्टात धरायचं का? पायी फिरून घेतलेला अंदाज

मुंबईचा फोर्ट, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या तटाच्या आतला भाग, बघायला येणारे बहुतेक जण सीएसएमटी, हुतात्मा चौक, काळा घोडा करत गेटवे गाठतात. बॅलार्ड इस्टेट राहून जातं, कारण ‘ते फोर्टातच आलं’ असं सगळे धरून चालतात. पिनकोड तोच, महापालिकेचा ए वॉर्डही तोच. तरी माझं ठाम मत असं, की बॅलार्ड इस्टेट टाऊनमध्ये, म्हणजे दक्षिण मुंबईत, नक्की येतं, पण फोर्टात येत नाही. सोलापूरहून आलेल्या आतेभावाला घेऊन मुद्दाम कामाच्या दिवशी गेलो, तेव्हा हे मत आणखी पक्कं झालं.

सुरुवात सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातून करा. जुन्या किल्ल्याच्या बांधकामाचा उरलेला तुकडा तिथे आहे. बाकीचा तट 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात पाडला गेला. हॉस्पिटलचं आवार आहे, तेव्हा रुग्णांच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. तिथून पी. डिमेलो रोडने दक्षिणेकडे चालत या. थोड्याच वेळात डाव्या हाताला बॅलार्ड इस्टेट लागतं. ज्या काळी तट उभा होता, त्या काळी इथे समुद्र होता. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, खोदताना निघालेला भराव टाकून पोर्ट ट्रस्टने सुमारे 22 एकर जमीन तयार केली आणि 1914 ते 1918 या वर्षांत ही वसाहत उभी केली. तटाच्या आत जे कधी नव्हतंच, ते फोर्ट कसं होईल?

डोळ्यांनाही फरक लगेच कळतो. मागे जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कार्यालयाचा, प्रचंड घुमट, सीएसएमटीचे मनोरे. इथे मात्र वास्तुविशारद जॉर्ज विटेटने आखून दिलेली शिस्त. गेटवेचा आराखडाही त्याचाच. एका कोपऱ्यावर उभं राहून वर बघा: इमारती वेगवेगळ्या कंपन्यांच्या, पण उंची जवळपास सारखी आणि छज्जांची रेघ एकीकडून दुसरीकडे सरळ चालत गेलेली. रस्ते रुंद, झाडांची दाट सावली, फेरीवाले मोजकेच. आम्ही एका वॉचमनकाकांना विचारलं, “काका, हे फोर्टच ना?” ते म्हणाले, “फोर्ट तिकडं, रस्त्यापलीकडं. हे बॅलार्ड पिअर.”

मग टाऊनमध्ये का धरायचं? शहराचा कारभार जिथून चालतो ते टाऊन, आणि मुंबईचा कारभार बंदरावर उभा राहिला. विलायतेहून बोट लागली की प्रवासी बॅलार्ड पिअर या धक्क्यावरच्या मोल रेल्वे स्टेशनवरून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसत. ते स्टेशन आता नाही. सिंदिया हाऊस मात्र आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 ला लंडनकडे निघाली, म्हणून आपण तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. जीपीओशेजारून इकडे येणाऱ्या रस्त्याला वालचंद हिराचंदांचंच नाव आहे. आतेभाऊ त्या पाटीखाली बराच वेळ उभा होता. गावच्या माणसाचं नाव इथे बघून त्याला भरून आलं.

जेवायला ब्रिटानिया. 1923 पासूनचं इराणी हॉटेल. बेरी पुलाव घ्या. वरच्या आंबटगोड इराणी झेरेश्क बेरींमुळे त्याची चव नेहमीच्या बिर्याणीहून अगदी वेगळी लागते. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. दुपारी एकच्या सुमारास ऑफिसांची गर्दी उसळते, म्हणून बारालाच पोचा. निघण्याआधी हॉटेल उघडं असल्याची खात्री करून घ्या.

रविवारी इथे शुकशुकाट असतो. नुसत्या इमारती बघायच्या किंवा फोटो काढायचे तर रविवारची सकाळ उत्तम, पण हा भाग टाऊनचा का, ते मंगळवार-बुधवारी दुपारीच समजतं. गोदीच्या गेटांजवळ कॅमेरा पिशवीत ठेवा. तिथे सुरक्षारक्षक हटकतात आणि ते त्यांचं कामच आहे. पहिल्या महायुद्धाचं पोर्ट ट्रस्टचं स्मारक चुकवू नका. गाड्यांच्या गर्दीत ते पटकन दिसत नाही.

परत येताना हॉर्निमन सर्कलकडे चालत जा, एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर थोडं बसा आणि हुतात्मा चौकातून मेट्रो पकडा. पावसाळ्यात मात्र छत्री घेऊनच निघा, गोदीच्या बाजूने वारं जोराचं असतं.