ऑटोक्लेव्हच्या आधीचा अर्धा तास

लहान दवाखान्यात उपकरणांचे काम बहुधा कोणा एकाच्याच गळ्यात पडलेले असते, आणि आमच्याकडे ते बरीच वर्षे माझ्या गळ्यात आहे. मोठ्या रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, वापरलेली उपकरणे एका दाराने आत जातात आणि निर्जंतुक झालेली दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. आमच्याकडे एक सिंक, एक ओटा, टेबलावर मावेल एवढा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र, आणि मी, एवढाच विभाग आहे.

एकदा टाके घालण्यापूर्वी डॉक्टरांनी पाऊच, म्हणजे उपकरण ज्यात बंद करून यंत्रात ठेवतात ते पाकीट, फाडले, आतला आर्टरी फोर्सेप, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा कात्रीसारखा चिमटा, उघडला आणि एक शब्दही न बोलता तो माझ्यासमोर धरला. पाऊचवरच्या खुणेचा रंग नियमाप्रमाणे बदललेला होता, वहीत त्या दिवशीची सायकल, म्हणजे यंत्राची एक पूर्ण फेरी, पूर्ण झाल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती, आणि तरीही फोर्सेपचे दोन दांडे जिथे एकमेकांतून आरपार जातात त्या सांध्यात, ज्याला आम्ही बॉक्स लॉक म्हणतो, केसाएवढी तपकिरी रेघ होती. आम्ही दुसरा सेट उघडला आणि टाके घातले गेले. नंतर मी ती रेघ ओल्या कापसाने घासून पाहिली, तेव्हा ती हळूहळू कापसावर उतरली. गंज असा उतरत नाही. ते वाळलेले रक्त होते, आणि माझ्या हातून धुताना तो सांधा उघडायचा राहिला होता.

त्या वेळी कोणीतरी समजुतीच्या स्वरात म्हणाले की, रक्त असले तरी ऑटोक्लेव्हमधून निघालेले आहे, म्हणजे तेही निर्जंतुकच. हे वाक्य मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते मला पटत नाही. वाफेने जंतू मरतात ते वाफ त्यांना प्रत्यक्ष भिडते म्हणून. वाळलेल्या रक्ताचा आणि त्यातल्या क्षारांचा थर मध्ये असला तर आतल्या बिजाणूंपर्यंत, म्हणजे काही जिवाणूंच्या कठीण कवचातल्या चिवट रूपापर्यंत, ओलावा पुरेसा पोहोचेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. सायकलचे तापमान आणि वेळ ठरवताना उपकरण स्वच्छ आहे हेच गृहीत धरलेले असते. शिवाय जंतू मेलेले असले, तरी दुसऱ्या माणसाच्या रक्ताचा कण जखमेत जाणे हे काही बरे म्हणता येणार नाही. जे धुतलेले नाही ते निर्जंतुक करता येत नाही, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले, आणि माझे लक्ष यंत्राकडून सिंककडे वळले.

सिंकपाशीही खरे शत्रुत्व असते ते वाळण्याशी. उपकरण वापरून झाले की त्यावरचे रक्त तिथल्या तिथे ओल्या गॉजने पुसून घेतले आणि धुवायला नेईपर्यंत ट्रे ओल्या कापडाने झाकून ठेवला, तर पुढचे निम्मे काम हलके होते. यासाठी सलाइन वापरू नये, कारण त्यातले क्लोराइड पोलादाला बारीक खड्डे पाडते. ब्लीचच्या बादलीबद्दल तर मी जरा हट्टीच आहे. वापरलेली उपकरणे हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्या द्रावणात, बुडवून ठेवण्याची सवय खूप जुनी आहे आणि धुणाऱ्या माणसाचे रक्षण व्हावे हा तिच्यामागचा हेतूही चांगला आहे. पण रक्त आणि इतर घाण त्यातले क्लोरीन झपाट्याने खाऊन टाकते, आणि उरलेले क्लोरीन स्टेनलेस स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा रक्षक थर पोखरते. एकदा खड्डा पडला की त्यात घाण धरून राहते आणि ते उपकरण पुढे कधीच नीट धुतले जात नाही. धुणाऱ्याचे रक्षण करतात ते जाड रबरी हातमोजे, डोळ्यांवरचे आवरण आणि ॲप्रन. रुग्ण तपासण्याचे पातळ मोजे या कामाला पुरत नाहीत.

पाणी गार किंवा कोमट हवे. 45 अंश सेल्सिअसच्या पुढे रक्तातली प्रथिने घट्ट होऊन धातूला चिकटू लागतात, म्हणून पहिल्याच धुण्याला कढत पाणी घेणारा माणूस मनाने कितीही स्वच्छतेचा भोक्ता असला तरी घाण पक्की करत असतो. एन्झाइमयुक्त डिटर्जंट बाटलीवर दिलेल्या प्रमाणात मोजून घ्यावा, अंदाजाने ओतू नये. जास्त घेतला तर त्याचाच थर मागे राहतो. प्रत्येक सांधा उघडायचा, वेगळे होणारे भाग वेगळे करायचे, आणि ब्रश पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून घासायचे, म्हणजे शिंतोडे तोंडावर येत नाहीत. तारेची घासणी मात्र सिंकच्या आसपाससुद्धा नको. पोकळ उपकरणात त्याच्या व्यासाला साजेसा ब्रश एका तोंडातून घालून दुसऱ्या तोंडातून बाहेर काढायचा आणि मग सिरिंजने पाणी सोडायचे. अल्ट्रासॉनिक यंत्र असेल तर बॉक्स लॉकसारख्या जागांसाठी ते फार उपयोगी पडते, कारण ध्वनिलहरींमुळे पाण्यात तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे फुटताना ब्रश पोहोचत नाही तिथली घाण सुटते. तरी त्याचेही पाणी बदलावे लागते, झाकण लावावे लागते आणि उपकरणे एकावर एक रचून चालत नाही. ते यंत्र नीट चालते आहे का हे पाहायला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी काही वेळ त्यात धरली, तर तिच्यावर सगळीकडे सारखे ठिपके आणि भोके दिसायला हवीत.

शेवटचे खळबळणे क्षाररहित पाण्याने व्हावे, कारण नळाच्या पाण्यातले क्षार उपकरणावर आणि ऑटोक्लेव्हच्या पोटात पांढरे साचतात. त्यानंतर कोरडे करणे, आणि मग मी जे पूर्वी करत नव्हते ते: दिव्याच्या भिंगाखाली एकेक उपकरण उघडून, मिटवून, दाते आणि सांधा पाहणे. हे सगळे मिळून अर्धा तास सहज जातो. लोकांना तो वेळ दिसत नाही, कारण त्याला घंटी नसते.

यंत्राविषयी बोलायचे तर आधी हवेविषयी बोलावे लागते. 1 ग्रॅम वाफेचे पाणी होताना 500 हून अधिक कॅलरी उष्णता सुटते, आणि ही उष्णता थेट उपकरणाच्या अंगावर सुटते, म्हणूनच 121 अंशांची वाफ 15 मिनिटांत आणि 134 अंशांची वाफ अवघ्या 3 मिनिटांत जे काम करते, त्याला कोरड्या उष्णतेला 160 अंशांवर 2 तास लागतात. पण चेंबरमध्ये हवा अडकून राहिली तर दाबाचा काटा फसवतो. काटा दर चौरस इंचाला 15 पौंडांवर असताना आत शुद्ध वाफ असेल तर तापमान 121 अंश असते. निम्मी हवा राहिली असेल तर ते 112 च्या आसपास, आणि हवा मुळीच बाहेर काढलेली नसेल तर जेमतेम 100 असते. काट्यावर तिन्ही वेळा एकच आकडा दिसतो. हवा जिथे सर्वांत हट्टाने बसते त्या जागा म्हणजे पाऊचचे पोट आणि पोकळ उपकरणाची नळी. लहान ऑटोक्लेव्हचे एन, एस आणि बी असे वर्ग केलेले असतात ते याचसाठी: एन वर्गाचे यंत्र न गुंडाळलेल्या भरीव उपकरणांपुरते असते, एस वर्गाचे उत्पादकाने नेमून दिलेल्या वस्तूंपुरते, आणि बी वर्गाचे यंत्र आधी पंपाने वारंवार निर्वात करून हवा खेचून घेते, म्हणून त्यात पाऊच आणि पोकळ वस्तू चालतात. यंत्र घेताना चेंबर किती लिटरचे हे सगळे विचारतात, वर्ग कोणता हे फारसे कोणी विचारत नाही. एन वर्गाच्या यंत्रात पाऊच भरून ठेवणारे दवाखाने मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याही पाऊचवरचा रंग बदललेलाच असतो.

जुन्या पद्धतीचे ड्रेसिंग ड्रम, म्हणजे मलमपट्टीचे सामान भरून यंत्रात ठेवायचे धातूचे डबे, वापरणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगते. ड्रमच्या अंगाला भोके असतात आणि त्यांवर सरकणारी पट्टी असते. ती आत ठेवताना उघडायची आणि बाहेर काढताक्षणी बंद करायची. ती बंदच राहिलेला ड्रम मी स्वतः एकदा बाहेर काढला आहे. तो बाहेरून तापलेला होता आणि त्याच्यावरच्या टेपच्या, म्हणजे यंत्रात तापल्यावर रंग बदलणाऱ्या चिकटपट्टीच्या, रेघा काळ्या झाल्या होत्या.

टेपवर माझा राग नाही, तिचे काम मर्यादित आहे एवढेच. ती फक्त इतके सांगते की हे पॅकेट यंत्रात जाऊन आले आहे, म्हणजे यंत्रात न गेलेल्या गठ्ठ्यातून चुकून आलेले नाही. आतपर्यंत वाफ, वेळ आणि तापमान तिन्ही पोहोचले का, हे सांगण्यासाठी पॅकेटच्या आत ठेवायची पट्टी वेगळी असते. निर्वात करणाऱ्या यंत्रात हवा नीट निघते का, हे दिवसाच्या सुरुवातीला रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक चाचणीने पाहतात. आणि जंतू खरोखर मेले का, हे जंतूंनाच विचारावे लागते. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाच्या, वाफेला सर्वांत चिवट तोंड देणाऱ्या निरुपद्रवी जिवाणूंच्या बिजाणूंची कुपी उपकरणांच्या मध्ये ठेवायची, सायकल झाल्यावर ती फोडून 55 ते 60 अंशांच्या ऊबेत ठेवायची आणि वाट पाहायची. आमच्या कुपीतला द्रव जांभळा असतो; बिजाणू जिवंत राहिले तर तो पिवळा होतो. सोबत एक न तापवलेली कुपी ठेवतो, आणि ती पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर चाचणीच निकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन कुप्या शेजारी शेजारी पाहणे, एक जांभळी आणि एक पिवळी, हे या कामातले माझे आवडते दृश्य आहे.

उकळून घेतले तर चालणार नाही का, असे अजूनही विचारतात. नाही, कारण 100 अंशांवर बिजाणू तगून राहतात. 2 टक्के ग्लुटारॅल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवायचे म्हटले तर बिजाणू मारण्यासाठी सुमारे 10 तास लागतात, वाफांनी डोळे आणि छाती चुरचुरते, आणि बाहेर काढलेले उपकरण गुंडाळून ठेवताही येत नाही. उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी तो मार्ग असू शकतो, टाक्यांच्या सेटसाठी नाही. उलट स्टेथोस्कोप किंवा रक्तदाबाचा पट्टा यांना निर्जंतुकीकरणाची गरजच नसते, पुसून घेतले की पुरते.

मात्र चांगली झालेली सायकल शेवटच्या पाच मिनिटांत वाया जाऊ शकते. ओले पाऊच बाहेर काढून गार ओट्यावर ठेवले की ओल्या कागदातून बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून वाळवण्याचा टप्पा घाईने तोडायचा नाही, पाऊच आडवे न रचता कडेवर उभे ठेवायचे, आणि ओले निघालेले पाऊच निर्जंतुक नाही असेच धरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

बहुतेक चुका अज्ञानाने होत नाहीत, घाईने होतात, आणि घाई होते ती सेट कमी असल्यामुळे. बाहेर रुग्ण बसलेला, आत एकच सेट, आणि दर दहा मिनिटांनी दारातून प्रश्न, "अजून किती वेळ?" अशा वेळी भिंग बाजूला राहते आणि वाळवणे अर्धवट सुटते. त्या प्रसंगानंतर मी डॉक्टरांना नव्या यंत्राविषयी काही म्हटले नाही, दोन जास्तीचे सेट मागितले. ते आले तेव्हापासून तो प्रश्न क्वचितच येतो.

तो आर्टरी फोर्सेप मी रुग्णांच्या सेटमधून काढून टाकला, पण फेकला नाही. कोणी नवीन मदतीला आले की पहिल्या दिवशी तो स्वच्छ फोर्सेप त्यांच्या हातात देते, भिंगाचा दिवा लावते आणि याचा सांधा दाखवा म्हणते. जवळजवळ सगळे जण तो मिटलेलाच धरून पाहतात.